छप्पन कितव्या घरी?

आमच्या घरात भागाकाराला ‘तक्सीम’ म्हणत. म्हणजे आबा म्हणत, आम्ही ऐकत असू. आबा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. शाळेत त्यांना जमा, तफरीक, जर्ब आणि तक्सीम अशा चार क्रिया शिकवल्या. पाढे मात्र ते घरून मराठीतच घेऊन गेले होते. त्यामुळे त्यांच्या गणिताला नाव उर्दू आणि आतला पाढा मराठी. ‘छप्पन तक्सीम सात?’ असं विचारायचे आणि उत्तर ‘सात आठे छप्पन’ असंच यायला लागायचं. नुसतं ‘आठ’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पुढं शाळा मराठी झाली, वडील ‘भागाकार’ म्हणायला शिकले. आबांची तक्सीम त्यांच्या बाजेवर तशीच राहिली.

मला चौथीत तिसापर्यंतचे पाढे पाठ होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकीसुद्धा. गाव परभणी जिल्ह्यातलं, दुधनेच्या काठचं. शाळा जिल्हा परिषदेची, चार वर्ग आणि दोन गुरुजी. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओसरीवर परवचा म्हणायला बसायचं. पाहुणे आले की मला उभं करून एकोणतीसचा पाढा म्हणायला लावत. (हा एकोणतीस आधीच वजाबाकी पोटात घेऊन जन्माला आलेला, त्यात त्याचा पाढा. शत्रूवर येऊ नये.) मी तो एका दमात म्हणायचो, पाहुणे मान डोलवायचे, चहा यायचा. गावात माझं नाव हुशार म्हणून झालं होतं. त्या हुशारीला भागाकारानं सुरुंग लावला.

झालं असं, की पाढा ही माझ्या लेखी आरती होती. आरती मधूनच सुरू करून बघा. ‘तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ सांग’ म्हटलं तर भलाभला माणूस पहिल्यापासून पुटपुटत निघतो. माझं तसंच. कुणी ‘सात आठे?’ विचारलं तर मी मनातल्या मनात सात एके सातपासून धावत सुटायचो आणि आठव्याला धापा टाकत पोचायचो. गुणाकारात हे खपून जायचं, कारण धावायला एकच दिशा होती. भागाकारात छप्पन समोर उभा असतो आणि तो पाढ्यात कितवा हे सांगायचं असतं. धावताना आकडे मोजायला बोटं लागतात, आणि मला तर पाढे बोटांशिवाय पाठ केल्याचा गर्व होता.

एक दिवस फळ्यावर ३९२ भागिले ७ आलं. मला उभं केलं, हुशार म्हणून. एकोणचाळीसमध्ये सात किती वेळा? निघालो. एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस… अरे, पुढं आलो. परत मागं. पस्तीस. पण पस्तीस कितवा? ते मोजायचं राहिलं होतं. पुन्हा सात एके सात. वर्गातली मुलं फिदीफिदी हसायला लागली. शेवटी मी अंदाजानं वर ४ मांडला, बाकी आली ११, आणि सातापेक्षा मोठी बाकी बघून गुरुजींचा हात छडीकडं गेला. ‘पाढे पाठ हायेत ना रे तुला? मग भागाकार कामून येईना?’ प्रश्न रास्त होता. उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं, नाहीतर छडी लागली नसती. त्यांनी ‘पाठ करा’ एवढंच शिकवलं होतं, आणि तेवढं मी केलं होतं.

उत्तर मिळालं ते कापसाच्या काट्यावर.

दिवाळी झाली की वेचणी सुरू व्हायची. आमचं रान थोडं, चार-पाच बाया यायच्या. दिवस मावळताना लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगायचा, एकेकीचं गाठोडं लावायचं, आई आकडा वाचायची आणि मी वहीत लिहायचो. दर आठ आणे किलो. म्हणजे निमकी, अर्ध्याचा पाढा, म्हणजे माझं राज्य. सदतीस किलो, साडेअठरा रुपये. एकवीस किलो, साडेदहा. आई कौतुकानं बघायची. पैसे बाजाराच्या आदल्या दिवशी वाटायचे.

अशाच एका वाटपाला एक मावशी पैसे मुठीत घेऊन उभीच राहिली. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, मग आईला म्हणाली, ‘बाई, शुक्करवारचे चौदाच कसे? चौदा म्हंजी तुम्ही अठ्ठावीस किलो धरलं. माझं तर बत्तीस भरलं व्हतं.’

वही उघडली. बत्तीसच लिहिलं होतं, आणि पुढं माझ्या सुंदर अक्षरात चौदा. बत्तीस निम सोळा, हजारदा म्हटलं असेल. आईनं माझ्याकडं न बघता वरचे दोन रुपये काढून दिले, आणि ते न बघणं छडीपेक्षा जास्त लागलं.

पण मी अडकलो होतो दुसऱ्याच गोष्टीत. ती मावशी शाळेची पायरी चढली नव्हती. तिला निमकी ठाऊक नव्हती. ती चौदावरून अठ्ठावीसवर गेली होती, क्षणात, न पुटपुटता. मी कायम किलोवरून रुपयांकडं जायचो. ती रुपयांवरून किलोकडं आली. तिला यावंच लागे. वही आमच्याकडं, काटा आमच्याकडं, आकडा वाचणारी आई आणि लिहिणारा मी. तिच्या हातात यायच्या त्या फक्त नोटा. त्या नोटांवरून उलटं चालत जाऊन आपला कापूस नीट धरला की नाही एवढं बघणं, हा तिच्यापाशी असलेला एकमेव पुरावा.

आबा बाजेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. रात्री जेवणं झाल्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, ‘छप्पन.’

‘काय छप्पन?’

‘छप्पन कितव्या घरी राहतो, सांग.’

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. प्रत्येक पाढा म्हणजे एक गल्ली. सातची गल्ली, आठची गल्ली. गल्लीत दहा घरं. छप्पन सातच्या गल्लीत आठव्या घरी राहतो आणि आठच्या गल्लीत सातव्या घरी. शिवाय त्याचं चौदाच्या गल्लीत चौथं घर आहे आणि अठ्ठाविसाच्या गल्लीत दुसरं. मी गल्लीच्या तोंडापासून प्रत्येक दार वाजवत जात होतो. पोस्टमन असा हिंडला तर पत्रं पोचायची कधी? ‘तू आकडा ऐकला की पत्ता सांगायचा,’ आबा म्हणाले. ‘पाढा म्हणायचा नाही. पाढा मला येतो.’

त्या हिवाळ्यात आमचा हाच खेळ चालला. वीज गेली की जास्तच, आणि वीज तेव्हा जायचीच. आबा अंधारातून आकडा टाकायचे, मी पत्ते सांगायचो. चोवीस हा गावभर बंगले असलेला माणूस: तीनच्या गल्लीत, चारच्या, सहाच्या, आठच्या, बाराच्या. छत्तीसही तसाच ऐसपैस. चाळिसापुढं वस्ती विरळ व्हायची. त्रेपन्न, एकोणसाठ बेघर. एकाच्या गल्लीत नाहीतर स्वतःच्या ओसरीवर, बाकी कुठं थारा नाही. एकदा मी एक्क्याण्णवलाही बेघर ठरवून मोकळा झालो. अडकित्ता थांबला. ‘तेराच्या गल्लीत जाऊन आलास?’ तेरा साते एक्क्याण्णव. सत्तावन्न एकोणीसच्या गल्लीत तिसऱ्या घरी सापडला, सत्त्याऐंशी चक्क त्या एकोणतीसच्या गल्लीत. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवण्याखेरीज त्या पाढ्याचा एवढा तरी उपयोग झाला.

मग त्यांनी बाकी आणली. ‘एकसष्ट तक्सीम सात?’

‘एकसष्ट सातच्या गल्लीत राहत नाही.’

‘राहत नाही तर त्याच्या अलीकडं कोण राहतं?’

‘छप्पन. आठव्या घरी.’

‘मग एकसष्ट छप्पनच्या दारापासून किती पावलं पुढं?’

‘पाच.’

‘झालं. आठ, आणि बाकी पाच.’ बाकी सातापेक्षा मोठी का चालत नाही, हे मला छडीनं कळलं नव्हतं, इथं आपोआप कळलं. सात पावलं झाली की पुढचं दार येतंच.

एवढं झाल्यावर ३९२ ला फार वेळ लागला नाही. एकोणचाळीस राहत नाही, अलीकडं पस्तीस, पाचवं घर, बाकी चार. चार आणि खाली घेतलेला दोन मिळून बेचाळीस, सहावं घर. उत्तर छप्पन. छप्पनच यावं याची मला त्या वेळी फार मजा वाटली होती.

पुढं केव्हातरी मी या वस्तीची खानेसुमारी केली. एकाचा आणि दहाचा पाढा सोडून द्या, त्यात शिकण्यासारखं नाही. दोन ते नऊ या आठ पाढ्यांत दोनापासून नवापर्यंत आठ-आठ ओळी, एकूण ६४. सात आठे आणि आठ साते एकच धरले तर उरतात ३६. त्यातल्या आठ ओळी स्वतःशीच गुणलेल्या, बे दुणे चारपासून नऊ नवे एक्क्याऐंशीपर्यंत. त्या प्रत्येकी एक भागाकार देतात. उरलेल्या २८ प्रत्येकी दोन देतात, म्हणजे ५६. (भेटलाच.) छप्पन आणि आठ, पुन्हा ६४. छत्तीस गोष्टी नीट ठाऊक असल्या की चौसष्ट भागाकार फुकट. भागाकाराचं वेगळं पाठांतर कुठल्याच अंकलिपीत नसतं, ते यासाठीच. मात्र ते फुकट आहे हे कुणीतरी सांगावं लागतं.

आबांना सातच्या गल्लीचं एवढं वेड का, हे मला मोठेपणी उमगलं. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि ब्रिटिश हिंदुस्थानातला रुपया तो कलदार. सात हालीचे सहा कलदार. बाहेरच्या व्यापाऱ्याशी व्यवहार आला की हा हिशेब आलाच: छप्पन हाली, सात आठे छप्पन, आठ सक अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस कलदार. आधी उलटं चालायचं, मग सुलटं. हाली रुपया १९५० च्या दशकात गेला, पण त्यांच्या डोक्यातली ती वाट मोडली नाही. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी त्यांना भान आहे का बघायला ‘शंभरातून सात वजा करत जा’ म्हणून सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत आबा थेट दोनपर्यंत गेले आणि म्हणाले, ‘चौदा वेळा. बाकी दोन.’ डॉक्टरांनी मोजलं नव्हतं.

नंतर कळलं, भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत भागाकाराची रीत सांगितली आहे ती हीच: भाजकाला ज्या संख्येनं गुणून भाज्याच्या वरच्या स्थानापासून वजा करता येतं, ती संख्या म्हणजे फळ. गुणाकार केल्याशिवाय भागाकाराची व्याख्यासुद्धा होत नाही. आबांनी लीलावती पाहिलीही नव्हती.

आता खेड्यांतल्या मुलांना वाचन-गणित कितपत येतं ते तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचे अहवाल येतात तेव्हा हे सगळं आठवतं. त्यातली गणिताची सर्वांत वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं, अगदी माझ्या ३९२ भागिले ७ सारखं. २०२२ साली देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण पाव हिश्श्याच्या मुलांनाच ते जमलं. मग कुणी म्हणतं पाठांतर वाढवा, कुणी म्हणतं पाठांतर बंद करा. मला दोघांचंही पटत नाही. पाठांतराला नावं ठेवण्याची हल्ली टूम आहे, पण गल्लीच नसेल तर पत्ता कशाचा सांगणार? आणि नुसती गल्ली पाठ असलेला पोरगा कसा दिसतो, ते फळ्यासमोर उभं राहून मी स्वतः पाहिलंय.

गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीची मुलगी छत्रपती संभाजीनगरहून माझ्याकडं आली होती. चौथीत, इंग्रजी माध्यम. तिचे पाढे मी पहिल्यांदा ऐकले आणि हरखलो: ‘सेव्हन वन जा सेव्हन, सेव्हन टू जा फोर्टीन.’ हे ‘जा’ मूळचं ‘आर’ आहे, आधीच्या शब्दाच्या शेपटातला ‘झ’ चिकटून त्याचं ‘जा’ झालं. पण मराठी कानाला वाटतं, कुणीतरी आकड्यांना हाकलतंय.

छप्पन भागिले सात तिनं कसं केलं? सात गोल काढले आणि एकेका गोलात एकेक ठिपका वाटत बसली. छप्पन ठिपके. चाळिसाच्या आसपास चहा सांडला आणि दोन गोल वाहून गेले. वाटप म्हणजे काय हे कळायला ठिपके चांगलेच, पण ठिपके मोजत कुणी किती वर्षं बसणार. मी तिला खळ्यावरचं मोजमाप सांगितलं. ज्वारीच्या राशीतून पायली भरायची, पोत्यात रिकामी करायची, मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. रास संपली की आकडा हातात. इथं कुणाला काही वाटून दिलं नाही, फक्त एक माप किती वेळा बसलं ते बघितलं. तरी तोही भागाकारच. तिला ‘लाभ’ फार आवडला. दिवसभर ‘सेव्हन लाभ जा सेव्हन’ चाललं होतं.

गल्लीचा खेळ तिनं दोन दिवसांत उचलला. तिसऱ्या दिवशी माझीच परीक्षा घेतली. ‘मामा, सात भागिले शून्य?’

‘शून्याच्या गल्लीत जा आणि सात शोध.’

ती मनात म्हणून आली. ‘सगळ्या घरांत शून्यच राहतो.’

‘मग?’

‘मग साताला पत्ताच नाही.’ जरा थांबून, ‘आणि शून्य भागिले शून्य? तो तर सगळ्याच घरांत आहे.’ यावर मी चहा ठेवायला उठलो. भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून तिची अनंताशी सांगड घातली होती. चौथीतल्या पोरीला हे सांगून आपली अब्रू वाचवावी, असा मोह मला झाला नाही असं नाही.

ती आली होती ते शेताच्या कामासाठी. म्हणजे काम तिच्या आईचं. वडील गेल्यानंतर वाटणी व्हायची होती. आबांच्या तोंडी तक्सीमचा हाही अर्थ होता. पणजोबांची सत्तावीस एकर चार भावांत वाटली तेव्हा हिशेब आबांनीच केला होता. सत्तावीस तक्सीम चार: चार सक चोवीस, बाकी तीन एकर. तीन एकर चौघांना जात नाहीत, म्हणून ते मोडायचे. एकराचे चाळीस गुंठे, तिनाचे एकशेवीस, चौघांना तीस-तीस. प्रत्येकी सहा एकर तीस गुंठे. शाळेत बाकीशेजारी पुढचा अंक खाली घ्यायचा असतो तो याचसाठी, वरच्या मापात जे जात नाही ते खालच्या मापात मोडण्यासाठी. पण ते मला या जमिनीनं शिकवलं.

भाची कागदावर हे करून बघत होती. तिनं विचारलं, ‘आबांना बहिणी नव्हत्या?’

‘होत्या. दोन.’

ती काही बोलली नाही. खाली आणखी एक भागाकार मांडला. सत्तावीस भागिले सहा. चार, बाकी तीन. एकशेवीस गुंठे, सहा जणांना वीस. साडेचार एकर. बिनतक्रार भाग जात होता. मग खोडरबरानं पुसून टाकलं.

आमच्या वेळी भाजक तीन होता: दादा, मी आणि हिची आई. आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली होती, बहिणीनं केली नाही, आणि मुलींना समान वाटा देणाऱ्या २००५ च्या कायद्यानं तिला करायचं कारणही नव्हतं. गावाकडं थोडं तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. सहा एकर तीस गुंठे म्हणजे दोनशे सत्तर गुंठे. ‘सत्तावीस तीनच्या गल्लीत नवव्या घरी,’ भाची म्हणाली, ‘म्हणून नव्वद. दोन एकर दहा गुंठे.’ बाकी शून्य. तलाठ्याच्याही आधी आमचा कागद तयार.

‘आणि विहीर?’

विहिरीचे गुंठे होत नाहीत, तिची पाळी लावतात. आठवड्याचे सात दिवस, तिघं जण. तिनं बोटांवर न मोजता सांगितलं, ‘दोन-दोन दिवस. बाकी एक. सातवा दिवस कुणाचा?’

मी दादाला फोन लावला. तो रानातच होता, वारा ऐकू येत होता. त्याला वाटलं आम्ही भांडण उकरून काढतोय. प्रश्न नीट ऐकून घेतल्यावर हसला. म्हणाला, ‘गुरुवार ठेवा तो. गुरुवारी तसंही लाईट नसती.’